चुका देवांच्या, किंमत माणसांची

होमरच्या ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात दोन भांडणे आहेत. पहिले माणसांचे. अपोलोचा पुजारी ख्रायसीस खंडणी घेऊन ग्रीकांच्या छावणीत येतो आणि आपली मुलगी परत मागतो. सेनापती अ‍ॅगमेम्नन त्याचा पाणउतारा करून त्याला हाकलून देतो. संतापलेला अपोलो नऊ दिवस छावणीवर रोगाचे बाण सोडत राहतो आणि किनाऱ्यावर चिता अखंड जळत राहतात. शेवटी मुलगी परत पाठवावी लागते, पण आपले नुकसान भरून काढण्यासाठी अ‍ॅगमेम्नन अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रायसीइस हिसकावून घेतो. अपमानित अकिलीस लढाईतून अंग काढून घेतो आणि त्याच्या त्या रागापायी पुढे असंख्य माणसे मरतात. त्यांत त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लसही असतो. दुसरे भांडण त्याच सर्गाच्या शेवटी ऑलिंपस पर्वतावर होते. झ्यूसने आपल्याला न विचारता अकिलीसच्या आईला वचन दिले म्हणून हेरा त्याला सर्वांदेखत टोचून बोलते, आणि तो तिला हात उगारण्याची धमकी देतो. कारणे तीच: मान, मत्सर, आपला शब्द खाली पडू न देण्याचा हट्ट. मग त्यांचा लंगडा मुलगा हेफेस्टस मध्ये पडतो. पूर्वी असाच आईचा कैवार घेतल्यावर बापाने आपल्याला आकाशातून कसे भिरकावले, दिवसभर खाली पडत पडत आपण लेम्नॉस बेटावर कसे आदळलो, हे तो सांगतो आणि सर्वांचे पेले भरत लगबगीने फिरू लागतो. देव पोट धरून हसतात. अपोलो वीणा छेडतो, कलादेवता गातात, सूर्य मावळल्यावर सगळे आपापल्या घरी झोपायला जातात आणि झ्यूस हेराच्याच शेजारी आडवा होतो.

एकाच सर्गात एकच दोष दोनदा दाखवला आहे. एकीकडे त्यातून चिता पेटतात, दुसरीकडे मेजवानी रंगते. हा योगायोग नाही, होमरच्या रचनेचा तो पाया आहे असे मला वाटते. ग्रीक देव माणसांसारखे रागावतात, खोटे बोलतात, व्यभिचार करतात, सूड घेतात, आणि म्हणून ‘देवसुद्धा चुकतात, मग माणसाचे काय’ असा दिलासा त्या कथांमधून घेण्याची पद्धत आहे. या दिलाशात थोडे तथ्य आहे, पण कथा सांगतात ते याहून बरेच कठोर आहे. ग्रीकांनी देवांना आपले जवळजवळ सगळे दोष दिले, एक गोष्ट मात्र दिली नाही: मृत्यू. आणि मरण काढून घेतल्यावर त्याच दोषांचे काय होते, हे त्यांनी शेकडो वर्षे महाकाव्यांत, नाटकांत आणि मडक्यांवरच्या चित्रांत पुन्हा पुन्हा पाहिले. देवाची चूक त्याला फारशी महागात पडत नाही, म्हणून तो तीतून फारसे शिकतही नाही. माणसाची चूक परत घेता येत नाही, म्हणून तिला वजन असते. ग्रीक पुराणकथांत माणसाचे अपुरेपण समजते ते या फरकातून.

‘इलियड’च्या पाचव्या सर्गात हा फरक अंगावरच्या जखमेतून दिसतो. आपला मुलगा एनीस याला रणातून उचलून नेणाऱ्या अ‍ॅफ्रोडायटीच्या हाताला डायोमीडीस भाल्याने जखम करतो. ती किंचाळते, मुलाला तिथेच टाकते आणि ऑलिंपसवर आईच्या मांडीवर जाऊन रडते. आई जखम पुसते आणि ती भरून येते. थोड्या वेळाने खुद्द युद्धदेव अ‍ॅरीसच्या पोटात भाला घुसतो. नऊ-दहा हजार माणसांनी एकदम ओरडावे तसा तो ओरडतो, बापाकडे गाऱ्हाणे घेऊन जातो, त्याची बोलणी खातो, आणि मलमपट्टी व आंघोळ उरकून नवे कपडे घालून त्याच्याच शेजारी येऊन बसतो. त्याच सर्गात माणसे मात्र ओळीने मरत असतात, आणि होमर मरणाऱ्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, अनेकदा त्याच्या गावाचेही नाव सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. ज्याला मरण नाही त्याची जखम हास्याचा विषय होते. जो मरणार आहे त्याची नोंद ठेवावी लागते. एकविसाव्या सर्गात तर देव एकमेकांवरच तुटून पडतात. हेरा आर्टेमिसच्या खांद्यावरचे धनुष्य ओढून घेऊन तिला त्यानेच झोडपते, आणि आर्टेमिस रडत बापाच्या मांडीवर जाऊन बसते. हे युद्ध की लहान मुलांची मारामारी, असा प्रश्न पडावा, इतके ते पोकळ आहे.

हे देव असे कुठून आले? इतिहासकार हिरोडोटस सांगतो की ग्रीकांना देवांच्या वंशावळी, पदव्या, कामे आणि रूपे दिली ती होमर आणि हेसिअड या दोन कवींनी. म्हणजे देवांच्या स्वभावाची घडण पुरोहितांच्या नव्हे, तर कवींच्या हातून झाली, हे ग्रीकांना स्वतःलाच ठाऊक होते. सर्वांवर बंधनकारक असा एक धर्मग्रंथ त्यांच्याकडे नव्हता. त्यामुळे एका कवीच्या कथेवर दुसऱ्याला आक्षेप घेता येत असे, आणि असे आक्षेप फार लवकर सुरू झाले. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफनीस या कवी-विचारवंताने तक्रार केली की चोरी, व्यभिचार, फसवणूक अशी माणसात लाजिरवाणी ठरणारी सगळी कृत्ये होमर आणि हेसिअडने देवांच्या नावावर टाकली आहेत. बैलांना चित्रे काढता आली असती तर त्यांनी देव बैलासारखेच काढले असते, असेही तो म्हणतो. पुढे प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आपल्या आदर्श नगरात या कथा मुलांच्या कानावर पडू नयेत अशी सोय केली. देव चांगला आहे, म्हणून वाईटाचे कारण तो असूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

प्लेटोची भीती निराधार नव्हती. अ‍ॅरिस्टोफनीसच्या ‘क्लाउड्स’ या इ.स.पू. 423 मधल्या प्रहसनात अधर्माची वकिली करणारे पात्र तरुणाला शिकवते की परस्त्रीबरोबर पकडला गेलास तर झ्यूसकडे बोट दाखव. इ.स.पू. 161 मध्ये रोममध्ये झालेल्या टेरेन्सच्या ‘युनुकस’ या नाटकात तर एक तरुण सोन्याच्या पावसाचे रूप घेऊन डॅनाईकडे आलेल्या देवाचे चित्र पाहतो, देवाने केले तर मी का नाही असा विचार करतो आणि एका मुलीवर बलात्कार करतो. पुढे संत ऑगस्टीनने हाच प्रसंग जुन्या देवांविरुद्ध पुरावा म्हणून वापरला. देवाचा दोष ही माणसाची सबब होऊ शकते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ही सबब कोणाच्या तोंडी आहे ते पाहायला हवे. दोन्ही ठिकाणी ती भामट्याच्या किंवा वासनेने आंधळ्या झालेल्या तरुणाच्या तोंडी आहे. ग्रीकांचा रोजचा धर्म देवांचे अनुकरण करा असे कधीच सांगत नव्हता. देवाला बळी द्यावा, त्याच्या नावाने घेतलेली शपथ पाळावी, आलेल्या परक्याला आसरा द्यावा, अशा त्याच्या अपेक्षा होत्या. शपथांचा आणि अतिथींचा रक्षक म्हणून ज्या झ्यूसची पूजा होई, त्याच्याबद्दल देवळात कोणी लफडी सांगत बसत नव्हते. उलट, देवासारखे वागायला जाणाऱ्या माणसाच्या कथा तिथे इशारा म्हणून सांगितल्या जात. सॅल्मोनिअस नावाचा राजा रथामागे पितळेची भांडी फरफटवून गडगडाट करी, पेटते पलिते फेकून त्यांना वीज म्हणे आणि आपल्याला झ्यूस म्हणवून घेई. खऱ्या झ्यूसने वीज टाकून त्याला त्याच्या नगरासकट जाळले. डेल्फीच्या देवळावर स्वतःला ओळखण्याचा जो प्रसिद्ध आदेश होता, त्याचा त्या काळचा पहिला अर्थ आत्मचिंतन कर असा नव्हता; तू मर्त्य आहेस हे विसरू नकोस, असा होता. जे देवाला परवडते ते तुला परवडणार नाही, हे ग्रीक धर्माचे मुख्य सांगणे. प्लेटोने या कथा आदर्शांच्या कथा म्हणून वाचल्या आणि म्हणून त्या त्याला घातक वाटल्या. त्या अंतर दाखवणाऱ्या कथा आहेत.

हे अंतर मान्य होते म्हणूनच देवांना हसण्याची मोकळीक होती. इ.स.पू. 405 मध्ये डायोनायसस या देवाच्याच उत्सवात अ‍ॅरिस्टोफनीसने ‘फ्रॉग्ज’ सादर केले. त्यात डायोनायसस इतका भित्रा दाखवला आहे की भीतीने त्याचे कपडे खराब होतात आणि तो प्रेक्षकांत बसलेल्या आपल्याच पुजाऱ्याकडे धाव घेतो. या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. मात्र यावरून अथेन्समध्ये सगळे चालत होते असे समजू नये. दहा वर्षे आधी, इ.स.पू. 415 मध्ये, सिसिलीवर स्वारी निघण्याच्या तोंडावर रस्त्यांवरच्या हर्मीसच्या मूर्ती कोणीतरी एका रात्रीत विद्रूप केल्या. तेव्हा शहर हादरले आणि अनेकांना देहांताची शिक्षा झाली. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसला विष प्यावे लागले, त्यात नगरीचे देव न मानल्याचा आरोपही होता. देवाच्या दोषांना हसणे चालत होते, पण त्याची पूजा मोडणे चालत नव्हते. आज आपल्याला विसंगत वाटणारी ही गोष्ट अथेन्सच्या माणसाला सरळ दिसत होती: देव सामर्थ्यवान आहे म्हणून त्याला मान द्यायचा, तो निर्दोष आहे म्हणून नव्हे.

काहींनी या कथांना रूपक ठरवून सुटका करून घेतली. देवांची लढाई म्हणजे उष्ण-थंड, कोरडे-ओले यांचा झगडा, असा अर्थ इ.स.पू. सहाव्या शतकातच थिआजेनीस नावाच्या विवेचकाने लावल्याचे सांगतात. वीज म्हणजे झ्यूस हे समजते, पण विजेला बायकोपासून लपवाछपवी का करावी लागते, हे त्या अर्थाने कळत नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे आणखी एक शंका येईल, आणि ती योग्य आहे. आपल्याकडचा इंद्र काय निर्दोष आहे? अहल्येची कथा कोणाला ठाऊक नाही? पण त्या कथेत गौतम ऋषी आहेत आणि त्यांचा शाप इंद्राला भोगावा लागतो. महाभारतात तर मांडव्य ऋषी साक्षात यमधर्माला जाब विचारतात. बालपणी अजाणतेपणी केलेल्या अपराधासाठी सुळावर चढण्याएवढी शिक्षा कशी, असा त्यांचा सवाल आहे, आणि त्यांच्या शापाने यमधर्माला विदुर म्हणून जन्म घ्यावा लागतो. आपल्या पुराणांनी देवाच्या चुकीचा हिशेब मागण्याचे बळ माणसाच्या तपात ठेवले. ग्रीक कथांत असा ऋषी नाही. झ्यूसला शाप देऊ शकेल असा माणूस तिथे जन्मालाच येत नाही. देवांना शिक्षा अजिबात होत नाही असे नाही: अपोलोला एका माणसाच्या घरी गुरे राखावी लागली, आणि स्टिक्स नदीची शपथ मोडणारा देव हेसिअडच्या मते एक वर्ष श्वासाविना पडून राहतो, मग नऊ वर्षे मेजवान्यांना मुकतो. पण ज्याच्यापुढे अनंत काळ पडला आहे त्याला दहा वर्षे म्हणजे काय? मरणाऱ्याची दहा वर्षे त्याच्या एकुलत्या एका आयुष्यातून वजा होतात.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. झ्यूसच्या वागण्याला ‘दोष’ म्हणणे, ‘अपुरेपण’ म्हणणे, हे फार सौम्य नाही का? आयो गाय होऊन देशोदेशी भटकते, कॅलिस्टोची अस्वलीण होते, आणि शिक्षा झ्यूसला नव्हे, त्यांना होते. हा हिंसाचार आहे आणि त्याला गोंडस नाव देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण हा आक्षेप घेणारे आपण पहिले नाही. युरिपिडीसच्या ‘आयन’ या नाटकात अथेन्सची राजकन्या क्रेउसा रंगमंचावर उभी राहून अपोलोवर उघड आरोप करते. अ‍ॅक्रोपोलिसच्या कड्याखालच्या गुहेत त्याने तिच्यावर जबरदस्ती केली. त्यातून झालेले मूल भीतीने तिला टाकून द्यावे लागले. आणि तो मात्र डेल्फीला वीणा वाजवत आहे. हे ती डेल्फीच्या देवळासमोर, त्याच्याच दारात म्हणते. नाटकाच्या शेवटी देवाने प्रकट होऊन उलगडा करायचा असतो, पण अपोलो येत नाही. त्याच्याऐवजी अथीना येते आणि कारणही सांगते: आधी घडलेल्या गोष्टींबद्दल दोष दिला जाऊ नये म्हणून तो स्वतः आला नाही. ग्रीक नाटकातला देवाचा याहून लाजिरवाणा प्रसंग मला ठाऊक नाही. त्याला ताकद आहे, भविष्य कळते, मुलगा आईला परत मिळवून देता येतो. तिच्यासमोर उभे राहणे मात्र त्याला जमत नाही.

तोंड देण्याची ही ताकद माणसाकडे कशी येते, हे ‘इलियड’च्या शेवटी दिसते. त्याआधी, सोळाव्या सर्गात, झ्यूसचा मर्त्य मुलगा सार्पेडन पॅट्रोक्लसच्या हातून मरणार असतो. त्याला उचलून न्यावे असे झ्यूसला वाटते, पण तू मुलाला वाचवलेस तर बाकीचे देवही आपापली मुले वाचवायला बघतील, असे हेरा बजावते. तो रक्ताच्या थेंबांचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो. देवाला दुःख शिवते ते इथे, मर्त्य मुलाच्या वाटेने, आणि तरी ते फार काळ टिकत नाही. चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या अकिलीसच्या हातांचे चुंबन घेऊन आपला मुलगा हेक्टर याचे प्रेत मागतो. अकिलीसला आपला म्हातारा बाप आठवतो. दोघे रडतात, मग एकत्र जेवतात, आणि प्रायमला मुलाच्या अंत्यविधीसाठी 11 दिवसांचा तह मिळतो. पहिल्या सर्गात एका बापाला हाकलून दिल्याने सुरू झालेले काव्य दुसऱ्या बापाला त्याचा मुलगा परत दिल्यावर संपते. मधल्या काळात अकिलीस बदलला आहे, कारण त्याने मित्र गमावला आहे आणि आपणही लवकरच मरणार हे त्याला माहीत आहे. त्याच काळात ऑलिंपसवर कोणीही बदललेले नाही. हेराचा ट्रॉयवरचा राग पहिल्या दिवशी होता तसाच आहे.

म्हणून ‘ओडिसी’त कॅलिप्सो अमरत्व देऊ करते तेव्हा ओडिसिअस ते नाकारतो, यात मला नवल वाटत नाही. बायको रूपाने या देवीपुढे फिकी आहे, तिला म्हातारपण येणार, हे तो मान्य करतो आणि तरी घरी जायचे म्हणतो.

या सगळ्या विचाराचे टोक गाठणारी कृती म्हणजे युरिपिडीसचे ‘हिपॉलिटस’. इ.स.पू. 428 मध्ये ते अथेन्समध्ये झाले. दोन वर्षांपूर्वी शहरात महामारी आली होती, आदल्या वर्षी पेरिक्लीस तिच्यात गेला होता, आणि भक्त-अभक्त सारखेच मरतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. नाटकाच्या सुरुवातीलाच अ‍ॅफ्रोडायटी सांगते की राजपुत्र हिपॉलिटस आर्टेमिसची भक्ती करतो आणि आपला अनादर करतो, म्हणून आज तो मरणार. त्याची सावत्र आई फीड्रा निर्दोष आहे, पण तीही मरेल, त्याला इलाज नाही. लगेच एक म्हातारा नोकर देवीपुढे हात जोडून म्हणतो की पोराच्या अविचाराकडे लक्ष देऊ नकोस, देवांनी तरी माणसांपेक्षा शहाणे असायला हवे. ती ऐकत नाही. फीड्रा सावत्र मुलाच्या प्रेमात पडते, लाजेने गळफास घेते आणि त्याच्यावर खोटा आळ ठेवून जाते. बाप थीसिअस चौकशी न करता मुलाला शाप देतो, आणि हिपॉलिटस आपल्याच घोड्यांमागे फरफटत जाऊन मरणाच्या दारी येतो. तेव्हा आर्टेमिस येते. ती सत्य सांगते, पण वाचवत नाही, कारण एका देवाच्या इच्छेआड दुसऱ्याने यायचे नाही असा देवांचा नियम आहे. ती वचन देते ते सुडाचे: अ‍ॅफ्रोडायटीच्या लाडक्या माणसाला आपण बाणाने मारू. म्हणजे आणखी एक माणूस मरणार. आणि हिपॉलिटसचा प्राण जाण्याआधीच ती निघून जाते, कारण मृत्यू पाहणे तिला निषिद्ध आहे. जन्मभर जिची सेवा केली ती किती सहज निघाली, एवढेच तो म्हणतो.

मागे उरतात बाप आणि मुलगा, एक गुन्हेगार आणि दुसरा मरणारा. बापाने फार घाई केली होती. मुलगाही आपल्या पावित्र्याच्या गर्वात ताठ राहिला होता, त्यामुळे तोही धुतल्या तांदळासारखा नाही. नाटकातला एकही देव कोणाची क्षमा मागत नाही आणि कोणाला क्षमा करत नाही. हिपॉलिटस बापाला क्षमा करतो, त्याच्या माथ्यावरचा खुनाचा दोष मोकळ्या मनाने उतरवतो आणि मग मरतो. माणूस अपुरा आहे हे ग्रीकांनी देवांइतकेच माणसाबद्दलही स्पष्ट सांगितले, पण त्या अपुरेपणाचे काहीतरी करण्याची पाळी त्यांनी माणसावरच आणली, आणि ते करून दाखवणारा माणूसही त्यांनीच उभा केला. देव त्या बाबतीत त्यांना माणसापेक्षा कमी वाटले आणि हे म्हणायला ते कचरले नाहीत. युरिपिडीसला हयातीत जेमतेम चार वेळा पहिले बक्षीस मिळाले. त्यांतले एक अथेन्सने या नाटकाला दिले.